सहा बाटल्यांची खिचडी आणि तिच्यातून निघणारा ब्लेंड

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं स्कॉटलंड फिरून आलं. येताना व्हिस्कीच्या बाटल्या आणल्या: कॅम्पबेलटाऊनची स्प्रिंगबँक १०, आयलाची (उच्चार असाच आहे, हसू आवरा) बुनाहावन १२, स्पेसाइडच्या ग्लेनफार्क्लास १०५ आणि क्रेगेलाखी १३, शिवाय लाफ्रॉइग १०च्या चार मिनिएचर, म्हणजे ५० मिलीच्या छोट्या बाटल्या (नावांतले आकडे वयाचे, १०५ सोडून). गोव्यातली पॉल जॉन ब्रिलियन्स घरात होतीच. मग सगळ्यांतलं थोडं थोडं एका रिकाम्या बाटलीत ओतून 'इन्फिनिटी बॉटल' केली: स्प्रिंगबँक १५० मिली, बुनाहावन १००, क्रेगेलाखी १००, लाफ्रॉइगच्या दोन मिनिएचर म्हणजे १००, ब्रिलियन्स ८०, ग्लेनफार्क्लास ७०. एकूण ६००. चव कडवट, धुरकट, गढूळ लागते. एकेक बाटली उत्तम असताना मिश्रण असं का झालं, ते वाचवता येईल का, घरी नीट ब्लेंड कसा करायचा, आणि त्यासाठी प्रवासातून काय आणायचं?

आधी निदान. या बाटलीत सगळेच नवरदेव आहेत, वऱ्हाडी एकही नाही. लाफ्रॉइग एक षष्ठांश आहे. स्प्रिंगबँकमध्येही पीटचा (बार्ली वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा) हलका धूर असतो आणि ती पाव हिस्सा आहे. म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त माल धुराचा. क्रेगेलाखीत वाफ थंड करायला अजून जुन्या पद्धतीचे वर्म टब, म्हणजे पाण्याच्या हौदात बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी, वापरतात. तांब्याशी संपर्क कमी आल्याने स्पिरिटमध्ये गंधकाचा, मांसरसासारखा जडपणा राहतो. एकटी प्यायली तर तीच तिची मजा. पण स्प्रिंगबँकचा तेलकट, ओल्या गोणपाटासारखा वास आणि ग्लेनफार्क्लासचा शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातला मनुका-खजूर यांच्याशेजारी बसली की तिचा नुसता चिखल होतो. राहिला कडवटपणा. त्यातला काही शेरीच्या ओकचा, काही पीटचा. तो झाकायला लागणारा गोडवा ८० मिली ब्रिलियन्सच्या आवाक्यातला नव्हता.

दारूचं प्रमाण मात्र बिघडलेलं नाही. प्रत्येक बाटलीचे मिली गुणिले तिचे टक्के, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण मिली असा हिशेब केला तर ४६.७ टक्के येतात. म्हणजे दोष तीव्रतेचा नाही, रचनेचा आहे. पाणी घालून तो जाणार नाही.

रचना म्हणजे काय, ते स्कॉच ब्लेंडच्या जन्मातच दिसतं. एडिंबराच्या अँड्र्यू अशरने १८५३ मध्ये निरनिराळ्या वयांची ग्लेनलिव्हेट एकत्र करून विकायला काढली. १८६०च्या कायद्याने माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली, आणि तिच्यापासूनची व्हिस्कीही) आणि ग्रेन एकत्र करणं सोपं झालं आणि धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला. ग्रेन व्हिस्की म्हणजे मका किंवा गव्हापासून, थोडं माल्ट घालून, कॉलम स्टिलमध्ये (उंच खांबासारख्या, अखंड चालणाऱ्या भट्टीत) काढलेली हलकी व्हिस्की. चवीला सौम्य, थोडी गोड, अंगाने पातळ. लोक तिला 'भरती' म्हणून नाक मुरडतात. पण भातावाचून आमटी जशी नुसती तिखट लागते, तसंच ग्रेनवाचून पाच-सहा दणकट माल्ट. बाजारातल्या बहुतेक ब्लेंडेड स्कॉचमध्ये निम्म्याहून जास्त ग्रेन असते ती फक्त पैसे वाचवायला नाही.

नुसत्या माल्टचा ब्लेंडही होतो, कायद्याच्या भाषेत 'ब्लेंडेड माल्ट'. मंकी शोल्डर हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. पण तिथेही पाया सौम्य, गोडसर स्पेसाइड माल्टचा असतो. धूर नसतोच म्हटलं तरी चालेल.

तुमच्या कपाटात ग्रेन नाही. पुढच्या प्रवासात एक बाटली ग्रेनची आणा: हेग क्लब किंवा जपानची निक्का कॉफी ग्रेन (या 'कॉफी'चा पेयाशी संबंध नाही, एनियस कॉफी या माणसाच्या नावाचं ते स्टिल आहे). तोवर पर्याय म्हणजे एखादी हलकी, कमी धुराची ब्लेंडेड स्कॉच. तिच्यात ग्रेन आयतीच असते. ब्लॅक लेबल मात्र पायाला घेऊ नका, तिचा स्वतःचा धूर आहे. बॅलेन्टाइन्स फाइनेस्टसारखी साधी बाटली पुरते.

इथे एक चूक हमखास होते: ग्रेन नाही ना, मग स्वस्तातली देशी 'व्हिस्की' वापरू. तसं करू नका. आपल्याकडच्या पुष्कळशा स्वस्त व्हिस्क्यांचा पाया मळीपासून काढलेलं न्यूट्रल स्पिरिट असतो. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या शेजारी डिस्टिलऱ्या का उभ्या असतात, ते त्यावरून कळतं. त्या स्पिरिटला स्वतःचा स्वाद जवळजवळ नसतो. त्यामुळे ते माल्टला आधार देत नाही, नुसतं पातळ करतं, आणि वर घातलेला इसेन्स नाकाला टोचतो.

आता मोजमाप. घरच्या ब्लेंडिंगमध्ये सगळ्यात जास्त माल वाया जातो तो बाटलीत ओतून मग चव घेण्याने. उलट करायचं. चाचणी २० मिलीची, ग्लासात. बाटली शेवटी.

लागतं ते एवढंच: १० मिलीचा काचेचा मेजरिंग सिलिंडर (शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो), १ मिली आणि ५ मिलीच्या नव्या, सुईविरहित सिरिंज, ट्यूलिपच्या आकाराचे चार-पाच ग्लास, ३० मिलीच्या काचेच्या बाटल्या आणि वही. ड्रॉपरने थेंब मोजू नका. पाण्याचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिली हा हिशेब व्हिस्कीला लागू पडत नाही. अल्कोहोलमुळे पृष्ठताण कमी होतो, थेंब लहान पडतो आणि एका मिलीत जवळपास दुप्पट थेंब बसतात. 'दहा थेंब लाफ्रॉइग' असं वहीत लिहिलं तर पुढच्या वेळी ती चव परत येईलच असं नाही. सिरिंजमध्ये व्हिस्की भरून ठेवायची नाही. रबरी दट्ट्याचा वास उतरतो. ओढा, सोडा, गरम पाण्याने धुवा. मोठ्या प्रमाणात मिसळताना सोनाराच्या पद्धतीचा छोटा डिजिटल काटा सोयीचा पडतो. ४६ टक्क्यांच्या व्हिस्कीचं वजन मिलीला ०.९४ ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे ७५ मिली हवी असेल तर ७० ग्रॅम.

ग्लास नुसत्या गरम पाण्याने धुवा आणि उपडे ठेवून वाळू द्या. लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण आणि कपाटातला फडका, दोन्ही ब्लेंडमध्ये उतरतात. वेळ सकाळी दहा-अकराची, जेवणाआधीची. घरात फोडणी, उदबत्ती काही नको. संध्याकाळी पाहुण्यांसमोर केलेला ब्लेंड बहुधा धुराकडे झुकतो, कारण दमलेल्या नाकाला आणि जिभेला फक्त मोठा आवाज ऐकू येतो.

पहिली पायरी, प्रत्येक बाटली एकटी. व्यावसायिक ब्लेंडर व्हिस्की साधारण २० टक्क्यांवर आणून हुंगतात, पीत नाहीत. ४६ टक्क्यांची १० मिली घेतली तर १३ मिली पाणी. ग्लेनफार्क्लास १०५ साठ टक्क्यांची आहे, तिला १० मिलीमागे २० मिली. एवढं पाणी घातल्यावर अल्कोहोलचा झणका जातो आणि खालचं दिसू लागतं: ब्रिलियन्समध्ये मध आणि पिकलेलं फळ, बुनाहावनमध्ये सुकामेवा आणि किंचित खारेपणा, लाफ्रॉइगमध्ये डेटॉल आणि किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीची आठवण. वहीत स्वतःच्या ओळखीचे शब्द लिहा. बाटलीवरच्या माहितीतले 'हीदर' आणि 'ब्रॅम्बल' आपल्या नाकाला काही सांगत नाहीत.

दुसरी पायरी, जोड्या. पाच-पाच मिली एकत्र करून झाका, दहा मिनिटांनी हुंगा. ब्रिलियन्स आणि बुनाहावन जमतात: एकीची गोडी, दुसरीचा सुकामेवा. क्रेगेलाखी आणि ग्लेनफार्क्लास एकमेकींना गढूळ करतात. ही जोडी वहीत फुलीखाली टाका. ज्या दोन बाटल्या जोडीत भांडतात त्या पाच जणींच्या गर्दीत शांत बसत नाहीत, त्यांचं भांडण फक्त ओळखू येईनासं होतं.

तिसरी, पाया आणि मग वरचे थर. तुमच्या कपाटासाठी सुरुवात अशी करा, २० मिलीच्या ग्लासात:

हलकी ब्लेंडेड स्कॉच (लेबलावर ४२.८ टक्के धरून) ८ मिली
पॉल जॉन ब्रिलियन्स ७ मिली
बुनाहावन १२ ३ मिली
ग्लेनफार्क्लास १०५ १.५ मिली
लाफ्रॉइग १० ०.५ मिली

याची तीव्रता ४५.७ टक्क्यांच्या आसपास येते. क्रम महत्त्वाचा. आधी पहिल्या दोन घालून हुंगा. पाया एवढा चांगला हवा की तो तसाच प्यावासा वाटला पाहिजे. तो कंटाळवाणा असेल तर वरून काहीही घातलं तरी सुटका नाही. मग बुनाहावन, मग शेरीची ग्लेनफार्क्लास, धुराची लाफ्रॉइग सगळ्यात शेवटी.

०.५ मिली बघून हसू येईल. मिसळा, झाका, पंधरा मिनिटं थांबा आणि शेजारी लाफ्रॉइगशिवायचा ग्लास ठेवून ताडून पाहा. धूर वेगळा ओळखू येत नाही, पण चव लांबते आणि शेरीचा गोडवा चिकट वाटत नाही. हेच त्याचं काम. १ मिली केला तर धूर समोर येतो. २ मिलीवर तो लाफ्रॉइगचा पातळ केलेला ग्लास होतो, ब्लेंड राहत नाही. पीपीएमचे (दर दहा लाख भागांत धुराचं फिनॉल किती, याचे) आकडे पाहून प्रमाण ठरवू नका. लाफ्रॉइगचे चाळीस-पंचेचाळीस किंवा आर्डबेगचे पंचावन्न हे आकडे भट्टीतून निघालेल्या माल्टचे आहेत. दळणं, आंबवणं, डिस्टिलेशन आणि पिंपातली वर्षं यांतून बाटलीत किती फिनॉल उरतं ते वेगळंच.

ब्रिलियन्स पायात घेण्यामागे कारण आहे. ती दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीची, धूर नसलेली, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असणाऱ्या भारतीय बार्लीची. तिथल्या उष्णतेत पिंपातली व्हिस्की लाकडाशी फार वेगाने खेळते आणि बाष्पीभवनही स्कॉटलंडच्या कितीतरी पट. स्कॉटलंडमध्ये वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास माल उडतो. त्यामुळे वयाने लहान असूनही तिच्यात लाकूड आणि गोडी भरपूर असते. पातळ स्कॉच ब्लेंडला तेवढंच अंग हवं असतं. पण ३५ टक्क्यांच्या वर नेली की ओकचा तुरटपणा शेपटीला येतो. तसं झालं तर ती एक मिली कमी करा आणि स्कॉच एक मिली वाढवा. बाकीच्यांना हात लावू नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर काय सुधारलं आणि कशाने, ते कळणार नाही.

ग्लास आवडला की ३० मिलीचा नमुना करा आणि दोन दिवस विसरा. ताजं मिश्रण फसवं असतं: वास वेगवेगळे उभे असतात, कधी टोकदार अल्कोहोल वर येतो. दोन दिवसांनीही आवडलं तरच बाटली. ५०० मिलीसाठी वरचे आकडे पंचवीसपट करा: २००, १७५, ७५, ३७.५ आणि १२.५. एक मिनिएचर चार बाटल्यांना पुरते.

पाणी घालून ४३ टक्क्यांवर आणायचं असेल तर ५०० गुणिले ४५.७ भागिले ४३, म्हणजे ५३१. साधारण ३१ मिली पाणी, एकदम नाही, दोन-तीन दिवसांत थोडं थोडं. पाणी आरओचं किंवा कमी क्षारांचं. बोअरचं जड पाणी गाळ धरतं. गाडीच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर पिण्यासाठी नसतं, ते चुकूनही वापरू नका. पाणी घातल्यावर किंवा फ्रिजमध्ये ठेवल्यावर ब्लेंड धुकट झाला तर घाबरू नका. तुमच्या बाटल्यांमध्ये चिल फिल्टर न केलेल्या, म्हणजे थंड करून न गाळलेल्या व्हिस्क्या आहेत. त्यांतले तेलकट एस्टर ४६ टक्क्यांच्या खाली विरघळलेले राहत नाहीत. दिसायला वाईट, चवीला काही बिघडत नाही.

ठेवायचं काचेच्या बाटलीत, मानेपर्यंत भरून, उभी, अंधारात. तीन आठवडे. आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बुचाला खातो. शोभेच्या क्रिस्टल डिकँटरमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, जुन्या क्रिस्टलमधलं शिसं उतरतं. पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावरचं कपाट ही सगळ्यात वाईट जागा. बाटली निम्मी झाली की उरलेलं २०० मिलीच्या बाटलीत काढा. इन्फिनिटी बॉटल मरतात त्या बहुधा हवेने: आत सहा महिने अर्धी पोकळी, आणि वर नवीन माल ओतून 'ताजी' केल्याचं समाधान.

आता तुमची ६०० मिली. टाकू नका, पण तिला पूर्ण व्हिस्की समजणंही सोडा. ती आता मसाला आहे. १० मिली ती, १० मिली हलकी ब्लेंडेड स्कॉच, ५ मिली ब्रिलियन्स असं करून पाहा: तीव्रता ४५ टक्के आणि लाफ्रॉइगचा वाटा सोळा-सतरा टक्क्यांवरून सातच्या खाली. धूर बसतो. गंधकाचा जडपणा पूर्ण जाणार नाही. तो झाकता येतो, काढता येत नाही. म्हणून सगळी एकदम वाढवू नका. १०० मिलीची करा, आवडली तर पुढची.

प्रवासात ब्लेंडसाठी काय घ्यावं, हेही तुम्ही विचारलंय. मिनिएचर, मिनिएचर, मिनिएचर. भारतात परतताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते आणि दोघांचा कोटा एकत्र धरत नाहीत. प्रत्येकी ७०० मिलीच्या दोन बाटल्या झाल्या की ६०० मिली उरतात. तिसरी बाटली बसत नाही, पण ५० मिलीच्या बारा मिनिएचर बरोबर बसतात. धुराच्या आणि शेरीच्या व्हिस्क्या ब्लेंडमध्ये चमच्याने लागतात. त्यांच्या पूर्ण बाटल्या आणणं म्हणजे हिंगाचं पोतं भरण्यासारखं आहे. मिनिएचरची झाकणं मात्र गळकी असतात, वर्षभरात पातळी खाली जाते. घरी आल्यावर लवकर वापरा. सामानात टाकायच्या बाटल्या मूळ सीलबंद हव्यात आणि ७० टक्क्यांच्या वर चालत नाही. डिस्टिलरीत पिंपातून स्वतः भरून घ्यायच्या हँडफिल बाटल्या पंचावन्न-साठ टक्क्यांच्या असतात, त्या चालतात, पण सील आणि लेबल नीट बघून घ्या.

पूर्ण बाटली घ्यायची तर पायाची घ्या. एल्गिनमध्ये १८९५ पासूनचं गॉर्डन अँड मॅकफेलचं दुकान आहे आणि कॅम्पबेलटाऊनमध्ये केडनहेडचं. दोघेही स्वतंत्र बॉटलर, म्हणजे दुसऱ्यांच्या डिस्टिलरीतली पिंपं घेऊन आपल्या नावाने बाटल्या भरणारे. तिथे लेबलावर 'रिफिल हॉग्सहेड' शोधा. साधारण अडीचशे लिटरचं, आधी वापरून झालेलं पिंप. त्यातली व्हिस्की फिकट दिसते, म्हणून गिऱ्हाईक पुढे जातं. पण लाकडाने कमी झाकलेला स्वच्छ माल्ट तिथेच मिळतो. 'फर्स्ट फिल शेरी बट' (शेरीनंतर पहिल्यांदाच व्हिस्की भरलेलं मोठं पिंप) लिहिलेली गडद बाटली एकटी प्यायला ठेवा. 'टीस्पून्ड' माल्ट दिसला तर सोडू नका: एका डिस्टिलरीच्या पिंपात दुसरीची चमचाभर व्हिस्की मुद्दाम घालतात, म्हणजे विकत घेणाऱ्याला तिचं नाव सिंगल माल्ट म्हणून वापरता येत नाही. चवीत फरक शोधून सापडत नाही, किंमत मात्र बहुधा उतरलेली असते.

गोव्याहून बाटल्या गाडीत घालून आणायच्या असतील तर महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय नको. सीमेवर तपासणी असते आणि पॉल जॉन इथल्या दुकानांतही मिळते. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ आणि पिण्याचा परवाना, दोन्ही लागतात. घरचा ब्लेंड घरच्यासाठी. एक बाटलीही विकली तर तो गुन्हा आहे.

ऑनलाइन मिळणारी एक-दोन लिटरची हौशी लाकडी पिंपं घेऊ नका. एवढ्याशा पिंपात लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग अवाढव्य असतो. आपल्या हवेत दोन-तीन आठवड्यांत ब्लेंड फळीसारखा लागतो आणि पातळी बोटभर खाली जाते.

क्रेगेलाखी उरेल. तिला ब्लेंडमध्ये पुन्हा ढकलू नका, थोडं पाणी घालून एकटीच प्या. घालायचीच असेल तर २० मिलीत अर्धा मिली, शेरी पूर्ण काढून, आणि लाफ्रॉइगच्या जागी.